परदेशात उलथापालथ झाली की आपला शेअर बाजार कसा वागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशात युद्ध पेटलं, निवडणुकीचा अनपेक्षित निकाल लागला किंवा एखादं सरकार पडलं की आपला बाजार किती पडतो, किती दिवसांत सावरतो आणि त्या दिवशी हातातले शेअर विकावेत का? शिवाय अशा वेळी एसआयपी थांबवावी का, हेही तुम्ही विचारलं आहे.

बातमी किती मोठी आहे यावरून बाजार किती काळ पडून राहील हे ठरत नाही. ती बातमी कच्चं तेल, रुपया आणि व्याजदर यांपैकी कशाला हात लावते आणि बाजाराने ती आधीच भावात किती धरलेली होती, यावर ते ठरतं. पहिल्या दिवसाची घसरण बहुतेक भीतीची आणि मार्जिनवर, म्हणजे थोडी अनामत भरून मोठ्या रकमेच्या, केलेल्या सौद्यांची असते. खरा फटका बसायचा असेल तर तो दोन-चार महिन्यांनी बसतो, आणि तोपर्यंत मूळ बातमी पेपरच्या आतल्या पानावर गेलेली असते. आधी ब्रोकरकडे डीलर म्हणून आणि नंतर गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पुढे कंपन्यांची नावं येतील ती उदाहरणापुरती आहेत, कृपया शिफारस समजू नका.

सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण २०२२ चं आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

२४ फेब्रुवारी २०२२, गुरुवार. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्याची बातमी आपला बाजार उघडायच्या आधीच येऊन धडकली होती. दिवसअखेर सेन्सेक्स २,७०२ अंकांनी, म्हणजे ४.७२ टक्क्यांनी पडून ५४,५२९ वर बंद झाला. निफ्टी ८१५ अंकांनी खाली आला. सेन्सेक्समधले तीसच्या तीस शेअर घसरले आणि एका दिवसात गुंतवणूकदारांचं १३ लाख कोटी रुपयांहून अधिक बाजारमूल्य गेलं. आता बघा, हिंदुस्तान युनिलिव्हरच्या साबणाची, मारुतीच्या गाडीची किंवा कोटक बँकेच्या कर्जाची मागणी त्या एका सकाळी कमी झाली होती का? अजिबात नाही. तरी सगळे एकत्र पडले.

याची दोन कारणं होती. पहिलं असं की तो फेब्रुवारी मालिकेच्या एक्स्पायरीचा, म्हणजे त्या महिन्याचे फ्युचर्स-ऑप्शनचे करार संपण्याचा, दिवस होता. ज्यांनी पुट ऑप्शन (भाव पडला तर घेणाऱ्याला भरपाई देणारा करार) विकून प्रीमियम, म्हणजे त्याची किंमत, घेतला होता, त्यांचा तोटा दर मिनिटाला वाढत होता. तो थोपवायला ते निफ्टीचे फ्युचर्स (पुढच्या तारखेचा व्यवहार आजच्या भावाने ठरवणारे करार) विकतात, त्या विक्रीने भाव आणखी खाली जातो, मग आणखी कोणाचं तरी मार्जिन कमी पडतं आणि ब्रोकरचा जोखीम विभाग त्याचा सौदा कापून टाकतो. या साखळीत कंपनी चांगली की वाईट हा विचार कोणी करत नाही, करायला वेळच नसतो. दुसरं कारण परकीय गुंतवणूकदारांचं. जगभरातून पैसा बाहेर काढायचा असतो तेव्हा जे विकायला हवं ते विकलं जात नाही, ज्याला गिऱ्हाईक मिळतं ते विकलं जातं. एचडीएफसी बँक, रिलायन्स, इन्फोसिस यांना कोणत्याही भावात घेणारा असतो, म्हणून अशा दिवशी तेच आधी विकायला निघतात. एखादा चांगला शेअर पहिल्याच तासात चार-पाच टक्के पडलेला दिसला की लोकांना वाटतं, ‘आत’ काहीतरी कळलं असेल. बहुतेक वेळा तसं काहीच नसतं.

दुसऱ्याच दिवशी सेन्सेक्स १,३२८ अंकांनी वर आला. कीव्हमध्ये परिस्थिती सुधारली होती म्हणून नव्हे, तिथे ती आणखी बिघडत होती. पण अमेरिकेने जाहीर केलेल्या निर्बंधांतून रशियन तेल आणि वायू तूर्त वगळलेले होते. तिकडे अमेरिकेच्या नॅसडॅक निर्देशांकाने तर हल्ल्याच्याच दिवशी सकाळची पडझड भरून काढून ३ टक्क्यांहून अधिक वाढ दाखवली होती. पुढे तेलावरही बंदी येईल अशी चर्चा सुरू झाली, ७ मार्चला ब्रेंट, म्हणजे ज्याचा भाव जगात प्रमाण मानतात ते कच्चं तेल, पिंपाला १३९ डॉलरपर्यंत चढलं आणि सेन्सेक्स ५२,८४२ पर्यंत उतरला. तिथून तो फिरला तो १७ मार्चपर्यंत हल्ल्याच्या आदल्या दिवशीच्या पातळीच्याही वर गेला. हिशेब केला तर जेमतेम तीन आठवडे झाले.

बहुतेक लेखांत हे उदाहरण इथेच थांबतं आणि ‘युद्धाच्या वेळी घाबरू नका, बाजार महिन्याभरात सावरतो’ असं सांगितलं जातं. मला हे अर्धवट वाटतं, कारण पुढचे तीन महिने त्यात येतच नाहीत. आपल्याकडे पेट्रोल-डिझेलचे भाव नोव्हेंबर २०२१ पासून हललेले नव्हते. पाच राज्यांच्या निवडणुका पार पडल्यावर २२ मार्चपासून ते वाढायला लागले आणि दोन आठवड्यांत लिटरमागे सुमारे १० रुपयांनी चढले. सूर्यफुलाचं तेल आपण प्रामुख्याने युक्रेनकडून घेत होतो, तेही महागलं. गहू आणि खतांचे जागतिक भाव भडकले. एप्रिलमध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. ४ मे रोजी रिझर्व्ह बँकेने नियोजित बैठकीची वाट न पाहता रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ वरून ४.४० टक्के केला आणि त्या दिवशी सेन्सेक्स १,३०० अंकांहून जास्त पडला. १५ जूनला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने (फेडने), एकदम पाऊण टक्का दर वाढवला. १७ जूनला सेन्सेक्स ५१,३६० वर बंद झाला. हा आकडा हल्ल्याच्या दिवसापेक्षाही खाली होता आणि ७ मार्चच्या तळापेक्षाही खाली होता.

म्हणजे बॉम्ब पडले त्या दिवशी घाबरून विकलेल्याचं जितकं नुकसान झालं असतं, त्यापेक्षा जास्त घसरण महागाई आणि व्याजदराच्या मार्गाने, गाजावाजा न करता आली. त्या जूनमध्ये ‘युद्धामुळे बाजार पडला’ असं म्हणणारे फार थोडे होते. सगळे फेडबद्दल बोलत होते. अमेरिकेतल्या महागाईमुळे फेड दर वाढवणार हे युद्धाआधीच स्पष्ट होतं हे खरं. पण त्या महागाईत तेल ओतलं ते याच युद्धाने. परकीय गुंतवणूकदार ऑक्टोबर २०२१ ते जून २०२२ असे सलग नऊ महिने आपल्याकडे निव्वळ विक्री करत होते.

नोव्हेंबर २०२२ अखेर सेन्सेक्स ६३ हजारांवर पोचला तोही याच मार्गाने. तेल उतरलं. रशियन तेलाचा आपल्या आयातीतला वाटा युद्धाआधी २ टक्क्यांच्या आत होता, तो वर्षभरात एक तृतीयांशाच्या आसपास गेला, आणि तेही सवलतीत. युद्ध तेव्हाही चालूच होतं.

म्हणून परदेशातली कुठलीही मोठी बातमी आली की मी आधी तेलाकडे बघतो. आपण वापरतो त्यातलं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं आणि त्याचे पैसे बहुतेक डॉलरमध्ये द्यावे लागतात. तेल महागलं की डॉलरची मागणी वाढते, रुपया उतरतो, रुपया उतरला की उरलेली आयातही महाग होते, महागाई वाढली की रिझर्व्ह बँकेला दर कमी करता येत नाहीत किंवा वाढवावे लागतात. व्याजदर वाढले की पुढच्या वर्षांत मिळणाऱ्या नफ्याची आजची किंमत कमी होते आणि शेअरचा भाव म्हणजे शेवटी त्या पुढच्या नफ्याचीच आजची किंमत असते.

पण तेलाचा भाव उसळला एवढ्यावरून काही ठरवू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदी अरामकोच्या प्रकल्पांवर हल्ला झाला, ब्रेंट एका दिवसात जवळपास १५ टक्के वाढलं आणि काही आठवड्यांत परत जागेवर आलं. जानेवारी २०२० मध्ये इराणचे जनरल कासिम सुलेमानी मारले गेले, सोमवारी ६ तारखेला सेन्सेक्स ७८८ अंकांनी पडला आणि दोन आठवड्यांत नवा उच्चांक गाठून आला. जून २०२५ मध्ये इस्राएल-इराण संघर्षात अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले तेव्हा सगळे होर्मुझच्या सामुद्रधुनीकडे डोळे लावून बसले होते. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश तिथून जातं. सोमवार, २३ जूनला सकाळी तेल चढलं आणि त्याच दिवशी ७ टक्क्यांच्या आसपास कोसळलं, कारण इराणचं प्रत्युत्तर तेलवाहतुकीवर आलं नाही.

हा फरक आधी ओळखायचा एक उपाय आहे आणि तो कोणालाही करता येतो. तेलाच्या फ्युचर्समध्ये जवळच्या महिन्याचा भाव आणि सहा ते बारा महिन्यांनंतरचा भाव शेजारी ठेवून बघा. फक्त जवळचाच भाव उसळला असेल आणि लांबचा फारसा हलला नसेल, तर तेलाचे व्यापारी त्या संकटाला तात्पुरतं समजत आहेत. लांबचे भावही वर सरकू लागले तर विषय गंभीर आहे. टीव्हीवरच्या पट्टीत हे कधी दिसत नाही, पण माझ्या दृष्टीने त्या सकाळची सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच असते.

तेलाचा तडाखा किती खोल जाऊ शकतो हे १९९० ने दाखवलं. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं. १७ डॉलरच्या आसपासचं तेल ऑक्टोबरात ४० च्या वर गेलं. कुवेत-इराकमधून १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं, म्हणजे त्यांचा घरी येणारा पैसाही थांबला. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी उरली आणि जुलै १९९१ मध्ये ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे गहाण पडलं. तेव्हा परकीय वित्तसंस्थांना आपल्या बाजारात प्रवेशही नव्हता, तो सप्टेंबर १९९२ मध्ये मिळाला. ‘परकीय गुंतवणूकदार विकतात म्हणून आपण पडतो’ हे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरं आहे. ते नसतानाही परदेशातलं युद्ध आपल्या तिजोरीपर्यंत पोचलं होतं. आणि प्रत्यक्ष लढाई सुरू झाली त्या दिवशी, १७ जानेवारी १९९१ ला, तेल एका दिवसात जवळपास एक तृतीयांशाने कोसळलं आणि न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स साडेचार टक्के वर गेला. महिनोन्‌महिने धरून ठेवलेली भीती त्या दिवशी मोकळी झाली.

ही झाली अचानक घडणाऱ्या घटनांची गोष्ट. निवडणूक आणि सार्वमत यांची जात वेगळी, कारण त्यांची तारीख आधी माहीत असते. तिथे निकालापेक्षा अपेक्षाभंग मोठा असतो.

ब्रेक्झिट घ्या. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये मतदान झालं. बाजार आणि सट्टेबाज ‘ब्रिटन युरोपीय संघातच राहणार’ असं धरून बसले होते, पौंड १.५० डॉलरपर्यंत चढला होता. मतमोजणीचे आकडे आपल्याकडे २४ च्या सकाळी येऊ लागले. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के. पौंड १.३२ पर्यंत आला, जपानचा निक्केई ७.९ टक्के पडला, आपला सेन्सेक्स दिवसभरात एकदा सुमारे १,०९० अंकांनी खाली जाऊन ६०४ अंकांच्या घसरणीवर बंद झाला. आदल्या दिवशी तो २७,००२ वर होता. ३० जूनला तो २६,९९९ वर होता. फक्त एका आठवड्यात.

पण या आठवड्याच्या पोटात जे घडलं ते निर्देशांकात दिसत नाही. लंडनचा एफटीएसई १०० चार-पाच दिवसांत मतदानाआधीच्या पातळीवर गेला, कारण त्यातल्या मोठ्या कंपन्या उत्पन्नाचा बहुतांश भाग ब्रिटनबाहेरून कमावतात आणि पौंड स्वस्त झाल्यावर त्यांचा डॉलरमधला नफा पौंडात फुगला. एफटीएसई २५० मात्र पहिल्या दिवशी ७ टक्क्यांहून जास्त पडला आणि त्याला जास्त वेळ लागला, कारण त्यातल्या कंपन्यांचा धंदा ब्रिटनच्या आत जास्त आहे. आपल्याकडे टाटा मोटर्स त्या दिवशी ८ टक्क्यांच्या आसपास आपटला. त्यांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचे कारखाने ब्रिटनमध्ये आहेत म्हणून. पण तिथे बनलेल्या गाड्यांचा मोठा भाग ब्रिटनबाहेर विकला जातो, म्हणजे खर्च स्वस्त पौंडात आणि विक्री इतर चलनांत. पुढच्या दोन-तीन महिन्यांत तो शेअर घसरणीआधीच्या भावाच्या बराच वर गेला. कंपनीचा कारखाना कुठे आहे एवढं बघून चालत नाही, खर्च कोणत्या चलनात होतो आणि पैसे कोणत्या चलनात येतात हे बघावं लागतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात डोनाल्ड ट्रम्प निवडून आले. ते जिंकले तर अमेरिकेचा बाजार कोसळेल, असं जवळपास प्रत्येक विश्लेषक म्हणत होता. रात्री तिथले फ्युचर्स ५ टक्के पडून, ज्याखाली सौदे होऊ देत नाहीत त्या मर्यादेला टेकलेही, आणि दुसऱ्या दिवशी डाऊ जोन्स अडीचशे अंकांनी वर बंद झाला. आपल्याकडे ९ नोव्हेंबरची सकाळ दुहेरी धक्क्याची होती, आदल्या रात्री आठ वाजता नोटाबंदी जाहीर झाली होती. सेन्सेक्स सुरुवातीला सुमारे १,६८९ अंकांनी खाली गेला आणि ३३८ अंकांच्या घसरणीवर थांबला. मग पुढचे सहा-सात आठवडे तो दबावाखालीच राहिला आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, मग पुन्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात २६ हजारांच्याही खाली गेला. ट्रम्प कर कमी करतील, सरकार जास्त कर्ज काढेल या अंदाजाने अमेरिकी रोख्यांचे व्याजदर वाढले होते आणि पैसा आपल्यासारख्या बाजारांतून तिकडे जात होता. नोटाबंदीचा वाटा त्यात किती आणि अमेरिकेचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण चाल तीच होती, पहिल्या दिवशी गोंगाट आणि नंतर व्याजदरांची संथ ओढ.

निकालाच्या तारखेबद्दल ऑप्शन घेणाऱ्यांसाठी एक सूचना. तारीख जवळ येते तसा ऑप्शनचा प्रीमियम फुगतो, कारण अनिश्चितता विकत घ्यायला सगळेच धावतात. निकाल लागला की ती अनिश्चितता संपते आणि प्रीमियम एका सकाळी निम्म्यावर येऊ शकतो. दिशा बरोबर ओळखूनही पैसे गमावलेले कितीतरी तरुण मी पाहिले आहेत आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण चूक अंदाजात नसते, त्यांनी मोजलेल्या किमतीत असते.

आता एक सावधगिरीची गोष्ट. त्याच दिवशी घडलं म्हणजे त्यामुळेच घडलं, असं समजू नका. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना यांनी राजीनामा देऊन ढाका सोडलं आणि त्याच दिवशी सेन्सेक्स २,२२२ अंकांनी पडला. ‘शेजारी सत्तापालट, बाजार कोसळला’ असं मला तेव्हा कितीतरी जणांनी सांगितलं. पण हसीनांची बातमी दुपारची आणि आपला बाजार सकाळी उघडतानाच पडलेला होता. कारण टोकियोत होतं. बँक ऑफ जपानने ३१ जुलैला व्याजदर वाढवला, पाठोपाठ अमेरिकेतले रोजगाराचे आकडे कमकुवत आले, येन झपाट्याने वधारला. स्वस्त येन कर्जाऊ घेऊन जगभर गुंतवणूक केलेल्यांना ती विकून कर्ज फेडावं लागलं. निक्केई त्या एका दिवसात १२.४ टक्के पडला होता.

बांगलादेशचा खरा परिणाम दुसऱ्या दिवशी आणि मोजक्याच ठिकाणी दिसला. तयार कपड्यांच्या ऑर्डरी तिकडून इकडे वळतील या आशेने गोकलदास एक्स्पोर्ट्स, केपीआर मिल असे शेअर वाढले. पॅराशूट तेलवाली मॅरिको उतरली, कारण तिच्या उत्पन्नाचा १० टक्क्यांहून अधिक भाग बांगलादेशातून येतो. आणि शेअर बाजाराशी संबंध नसलेला पण आपल्या जवळचा परिणाम म्हणजे सीमेवर अडकलेले कांद्याचे ट्रक. बांगलादेश हा आपल्या कांद्याचा मोठा ग्राहक, त्यामुळे त्या आठवड्यात नाशिकच्या व्यापाऱ्यांची झोप सेन्सेक्सने नव्हे, बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलच्या नाक्याने उडवली होती.

त्या कपड्यांच्या शेअरचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण अशा ‘लाभार्थी’ याद्या प्रत्येक घटनेनंतर फिरतात. वर्षभराने, २७ ऑगस्ट २०२५ पासून, अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं आणि याच निर्यातदारांचे शेअर मार खाऊन गेले. गंमत वाटावी असं त्यात काही नाही, तिरुपूरच्या शिलाई कामगारांचं आणि अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिने घडवणाऱ्या कारागिरांचं काम त्यावर होतं. त्या दिवशी गणेश चतुर्थीची सुट्टी होती, दुसऱ्या दिवशी बाजार उघडला तो सेन्सेक्स ७०० अंकांच्या आसपास पडला, म्हणजे एक टक्काही नाही. एवढा मोठा घाव आणि एवढी लहान घसरण कशी? कारण सेन्सेक्स-निफ्टीत बँका, सॉफ्टवेअर, दूरसंचार, गाड्या यांचा भार जास्त आहे. अमेरिकेला कापड, कोळंबी, दागिने पाठवणारे बहुतेक उद्योग निर्देशांकात नाहीतच, कित्येक शेअर बाजारातही नाहीत. निर्देशांक शांत म्हणजे देशात सगळं आलबेल, असा अर्थ काढू नये.

त्याआधी, एप्रिल २०२५ मध्ये, ट्रम्प यांनी साऱ्या जगावर शुल्क जाहीर केलं तेव्हाची पडझड मात्र खरी जागतिक होती. ७ एप्रिलला सेन्सेक्स २,२२६ अंकांनी आणि हाँगकाँगचा हँग सेंग १३ टक्क्यांहून अधिक पडला. ९ तारखेला ९० दिवसांची स्थगिती आली आणि अमेरिकेचा एसअँडपी ५०० एका दिवसात साडेनऊ टक्के उसळला. आपला बाजार १० ला महावीर जयंतीमुळे आणि १४ ला आंबेडकर जयंतीमुळे बंद होता, तरी १५ एप्रिलला सेन्सेक्स २ तारखेच्या पातळीवर परतला होता. त्या आठवड्यात मला काळजी वाटली ती शेअरच्या घसरणीची नव्हती. संकटात अमेरिकी सरकारी रोखे वधारतात आणि डॉलर मजबूत होतो, तेव्हा मात्र रोख्यांचे भाव पडत होते आणि डॉलरही उतरत होता. सुरक्षित म्हणून जिथे पैसा धावतो तीच जागा डळमळली होती. सोनं त्याच महिन्यात १० ग्रॅमला एक लाख रुपयांवर गेलं ते उगाच नाही.

आपला बाजार हल्ली लवकर सावरतो याचं एक कारण देशी पैसा आहे. एसआयपीतून फेब्रुवारी २०२२ मध्ये महिन्याला सुमारे ११ हजार कोटी रुपये येत होते, एप्रिल २०२५ मध्ये २६ हजार कोटींच्या वर. मार्च २०२५ अखेर देशी संस्थांचा कंपन्यांमधला वाटा प्रथमच परकीय गुंतवणूकदारांच्या पुढे गेला. मात्र याचा अर्थ बाजार पडणारच नाही असा करू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये ८५ हजारांवर असलेला सेन्सेक्स मार्च २०२५ च्या सुरुवातीला ७३ हजारांच्या आसपास आला होता, आणि या काळात एसआयपी चालूच होत्या.

‘बाजार नेहमीच सावरतो’ हे वाक्यही मला मान्य नाही. मॉस्कोचा निर्देशांक २४ फेब्रुवारी २०२२ ला एका दिवसात एक तृतीयांशाने पडला, २८ फेब्रुवारीपासून जवळपास महिनाभर शेअर बाजारच बंद राहिला आणि उघडला तेव्हा परदेशी गुंतवणूकदारांना विकायला बंदी होती. रशियाच्या सर्वांत मोठ्या बँकेच्या, स्बेरबँकेच्या, लंडनमध्ये शेअरऐवजी विकल्या जाणाऱ्या पावत्या (डिपॉझिटरी रिसीट) काही सेंटच्याही खाली गेल्या. जगभरचे फंड ज्यांचे निर्देशांक वापरतात त्या एमएससीआयने आपल्या निर्देशांकांतून रशियन शेअर जवळजवळ शून्य भावाने काढून टाकले. त्या गुंतवणूकदारांसाठी ‘थांबा, सावरेल’ या सल्ल्याला काही अर्थ नव्हता. आपण घटनेचे प्रेक्षक असतो तेव्हाचे नियम वेगळे आणि मालमत्तेचा हक्कच काढून घेतला जातो तेव्हाचे वेगळे. परदेशी शेअरमध्ये किंवा एकाच देशाच्या फंडात पैसे घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता तुमच्या हातातल्या शेअरबद्दल. त्या सकाळी पहिल्या अर्ध्या तासात काही करू नका. तो वेळ ज्यांना नाइलाजाने विकावं लागतं त्यांचा असतो आणि त्यांच्या रांगेत उभं राहून चांगला भाव मिळत नाही. गिफ्ट निफ्टीचा (गुजरातच्या गिफ्ट सिटीत रात्रीही चालणाऱ्या निफ्टी फ्युचर्सचा) आकडा रात्री बघून झोप घालवण्यापेक्षा चार गोष्टी पाहा: तेलाचे जवळचे आणि लांबचे भाव, डॉलर-रुपया, अमेरिकी दहा वर्षांच्या रोख्यांचा व्याजदर आणि संध्याकाळी येणारे परकीय व देशी संस्थांच्या खरेदी-विक्रीचे आकडे. या चारही गोष्टी आठवड्याभरात शांत झाल्या तर पडझड विसरली जाते. तेल आणि रोख्यांचे दर महिनाभर वरच राहिले, तर निर्देशांक सावरलेला दिसला तरी मी सावध होतो आणि भरपूर कर्ज असलेल्या, कच्च्या मालासाठी तेलावर अवलंबून असलेल्या कंपन्या कमी करतो. रंग, टायर, विमान कंपन्या आणि पेट्रोल पंपावर भाव वाढवता येत नसताना तेल कंपन्या, यांचा नफा सगळ्यात आधी आक्रसतो.

प्रत्येक शेअरपुढे तीन ओळी लिहून ठेवा: पैसे कुठून येतात, कच्चा माल कुठून येतो, कर्ज कोणत्या चलनात आहे. वार्षिक अहवालात हे सगळं छापलेलं असतं. हे काम निवांत रविवारी करायचं, बाजार पडलेल्या सोमवारी ते होत नाही.

एसआयपी थांबवू नका. ज्या घसरणीत जास्त युनिट मिळतात त्याच महिन्यात थांबवायचं असेल तर ती सुरू करण्याचा हेतूच उरत नाही. मात्र पुढच्या तीन वर्षांत लागणारे पैसे, मुलीच्या प्रवेशाचे, घराच्या हप्त्याचे, आईवडिलांच्या औषधपाण्याचे, शेअरमध्ये असतील तर ते युद्ध असो वा नसो, चुकीच्या जागी आहेत. ते शांत दिवस बघून बाहेर काढा.

मार्जिनवर सौदे करत असाल तर माझा सल्ला कडक आहे. स्टॉप लॉस (ठरवलेल्या भावाला पोचताच आपोआप विकण्याची ऑर्डर) लावला म्हणजे वाचलो असं समजू नका. रात्री घटना घडली की सकाळी भाव तुमच्या स्टॉप लॉसच्या खालीच उघडतो, आणि लिमिट घातलेली, म्हणजे ठरावीक भावाखाली न विकण्याची, ऑर्डर तर तशीच पडून राहते. ठरलेल्या तारखेच्या निवडणुकीआधी, फेडच्या बैठकीआधी किंवा तणाव असताना लांब सुट्टीच्या आदल्या दिवशी सौदा निम्म्यावर आणा. संरक्षणासाठी पुट घ्यायचा असेल तर तो बाजार शांत असताना, इंडिया विक्स (बाजाराची अपेक्षित चढ-उतार मोजणारा निर्देशांक) खाली असताना घ्यायचा. २४ फेब्रुवारी २०२२ ला विक्स ३० च्या वर गेल्यावर पुट घेणाऱ्यांनी ज्या भावाने संरक्षण विकत घेतलं, त्यात दुसऱ्या दिवशीच्या १,३२८ अंकांच्या उसळीनंतर फारसं काही उरलं नाही.